आजीच्या अकरा वह्या: उघडाव्यात की नाही?

रानजाई

पुढच्या महिन्यात आजीला जाऊन वर्ष होईल. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती, झोपेत गेली. भेटायला आलेले सगळे "सोनं झालं" म्हणाले. असेलही. पण मला अजून रात्री फोन वाजला की वाटतं, आजीच असणार आणि विचारणार, "जेवलीस का? काय जेवलीस?"

आजी म्हणजे आईची आई. मूळची कऱ्हाडची. सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी माझी आई झाली, विसाव्या वर्षी आजोबा विषमज्वरानं गेले. मराठी सातवी पास होती, तेवढ्या जोरावर साताऱ्याला नर्सिंगच्या कोर्सला गेली आणि १९६० साली पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यातल्या एका गावात नर्सबाई म्हणून हजर झाली. १९९४ ला रिटायर होईपर्यंत त्याच तालुक्यात राहिली. चौतीस वर्षांत गावं बदलली ती फक्त तीन.

तिची पत्र्याची ट्रंक आम्ही परवा उघडली. वर दोन पांढऱ्या साड्या, खालोखाल इनॅमलचा ट्रे, बाळाचे ठोके ऐकायचं लाकडी नरसाळं, आणि तळाशी अकरा वह्या. सरकारी रजिस्टर वेगळं असायचं, ते ती ऑफिसात जमा करायची. या तिच्या स्वतःच्या. केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद आहे. मी दोन रात्री बसून मोजल्या, १,९४२ भरल्या.

नोंदी अगदी थोडक्यात आहेत. एक इथे देते, कारण यात कुणाचं नाव नाही आणि ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे:

"११ डिसेंबर ६७. पहाटे ५.४०. मुलगी. खळ्यात, उघड्यावर. पाणी तीन दगडांवर तापवलं. जमीन अजून हलते आहे. बाळाला आईच्या छातीशी उघडं धरून वर घोंगडी. दोघी बऱ्या."

कोयनेचा भूकंप त्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला होता.

आता माझा प्रश्न. या अकरा वह्यांत काही पानं एकमेकांना चिकटवलेली आहेत. डिंकानं नाही, खळीनं. आजी साडीला घालायची तीच खळ. मी नाकाशी धरून पाहिलं, अजून तो आंबूस वास येतो. अशी सतरा ठिकाणं आहेत. खळ जुनी झाली आहे, दोन-तीन पानांचे कोपरे आपोआप सुटायला लागले आहेत.

माझा भाऊ म्हणतो, वह्या टाइप करून वर्षश्राद्धाला पुस्तक काढू, गावात वाटू, लोकांना कळू दे आजी काय होती. आई म्हणते, सगळं कृष्णेत सोडून मोकळं व्हा. मी मधे अडकले आहे. वह्यांचं काय करावं? चिकटलेली पानं उघडावीत का? तुमच्या घरात कुणी नर्स, सुईण, डॉक्टर असतील तर अनुभवही सांगा.

कृष्णाकाठ

वाचून गलबलून आलं. नदीत मात्र काही सोडू नका, कळकळीची विनंती.

केदार सातारकर

तुमच्या भावाशी १००% सहमत. पुस्तक झालंच पाहिजे. आमदार-खासदारांचे गौरवग्रंथ निघतात आणि १,९४२ बाळंतपणं केलेल्या बाईचं नाव कुठेच नाही. चिकटलेली पानंही उघडा. वाफेवर धरली की खळ सुटते. शेवटी इतिहास आहे तो.

स्टाफनर्स सुनीता

केदारदादा, थांबा जरा.

मी तेवीस वर्षं वॉर्डात आहे. आमचा लॅम्प लायटिंगचा कार्यक्रम असतो, हातात दिवा घेऊन शपथ म्हणायची असते. नाइटिंगेलबाईंच्या नावानं ओळखली जाते, लिहिली गेली अमेरिकेत १८९३ साली. त्यात स्पष्ट आहे, रुग्णाच्या खासगी गोष्टी आणि घरातल्या ज्या बाबी कामाच्या ओघात कळतील त्या मनातच ठेवीन. "घरातल्या बाबी" हे शब्द मुद्दाम घातलेत. कारण नर्सला आजाराबरोबर अख्खं घर दिसतं. कोणाच्या पाठीवर वळ आहेत, कोणाचं मूल कोणाचं आहे, कोणाला सासूनं काय दिलं.

ती सतरा पानं तुमच्या आजीची नाहीत, रानजाई. सतरा बायकांची आहेत. त्यातल्या काही आज जिवंत असतील, सासू-आजेसासू झाल्या असतील. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्याचं रजिस्टर आजही गुप्त कागद म्हणूनच ठेवावं लागतं. तुमच्या आजीनं कायदा यायच्या आधीपासून स्वतःच्या खळीनं तेच केलं.

आणि दुसरं. खळ्यातली ती नोंद मी ड्यूटी रूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून पांघरायचं, याला आम्ही कांगारू मदर केअर म्हणतो. कमी वजनाच्या बाळांसाठी कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी ते १९७८ च्या सुमारास सुरू केलं, मग जगभर गेलं. तुमच्या आजीनं डिसेंबरच्या थंडीत, हलत्या जमिनीवर, त्याच्या अकरा वर्षं आधी केलं होतं. कुणी शिकवलं असेल त्यांना?

रानजाई

सुनीताताई, मी हे विचारलं होतं तिला एकदा. म्हणाली, "शिकवायला काय लागतंय? कोंबडी काय करते बघ की."

सुगरण

कोंबडी 😊 किती सरळ उत्तर!

माझी आजी नर्स नव्हती, पण आमच्या गावच्या नर्सबाईंची एक गोष्ट सांगते. पूर्वी बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकून द्यायचे आणि बाळाला तीन दिवस मधाचं बोट. नर्सबाईंनी आमच्या पणजीला ओट्यावर उभं राहून विचारलं होतं, "गाईचा चीक आला की खरवस करून गल्लीत वाटता, आणि बाईचा चीक उकिरड्यावर? वासराला कळतं ते तुम्हाला कळंना?" पणजी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण पुढच्या नातवाला पहिल्या तासात अंगावर घेतलं.

पहाटवारा

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझी आई नर्स होती. तालुक्याच्या दवाखान्यात. सगळं गाव तिला देवी म्हणायचं. मी सात वर्षांचा होतो तेव्हा मला गोवर आला होता आणि ती लसीकरणाच्या फेरीवर होती, चार दिवस. शेजारच्या काकूंनी मला पाहिलं. मोठा झाल्यावर मी तिला हे एकदा बोललो आणि ती इतकी रडली की पुन्हा कधी काढलं नाही. पण माझ्या मनातून गेलेलं नाही. "समर्पित", "सेवाभावी" हे शब्द ऐकले की मला शेजारच्या काकूंचं घर आठवतं.

तुमच्या आजीची मुलगी, म्हणजे तुमची आई, वह्या नदीत सोडा म्हणते आहे. ती तसं का म्हणते, हे कुणी विचारलं का? पुस्तक की नदी हे ठरवण्याआधी ते विचारा.

स्टाफनर्स सुनीता

पहाटवारा, तुमचं बरोबर आहे. माझी मुलगीही हेच म्हणेल कदाचित. देवी म्हणून हार घालण्यापेक्षा आठ तासांची ड्यूटी आठ तासांत संपू दिली असती तर तुमची आई त्या चार दिवसांतले दोन तरी घरी असती. आम्हाला १२ मे ला, परिचारिका दिनाला, गुलाबाचं फूल मिळतं. त्याच दिवशी एका नर्समागे चाळीस पेशंट असतात.

इतिहासवेडा

पहाटवारा यांचा मुद्दा मनाला लागला. तरी एक सांगावंसं वाटतं. रानजाईंच्या आजी विसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि नर्स झाल्या, यामागे मोठी परंपरा आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि विधवांना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससूनमध्ये पाठवायचं ठरवलं, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं म्हणून केवढा गहजब झाला होता. त्याआधी १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांना त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोहोचवत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्या बाईला समाजानं शुभकार्यातून बाजूला सारलं, तिनेच लोकांची दुखणी काढली.

केशवपनाचा काळ तोवर सरला होता, पण १९६० सालीही विधवा बाई खेड्यात एकटी राहते ही सोपी गोष्ट नव्हती. याबद्दल त्या काही बोलल्या होत्या का?

रानजाई

बोलायची नाही. पण एक गोष्ट आईनं सांगितलेली आहे.

गावात बारशाला, हळदीकुंकवाला आजीला बोलावत नसत. म्हणजे बाळ जगात आल्यावर त्याला पहिला हात हिचा, पण बाराव्या दिवशी पाळण्याजवळ ही नको. आजीला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी तिनं दाखवलं नाही. ६४-६५ च्या सुमाराला एका घरी आडवं आलेलं मूल होतं. बाहेर मुसळधार पाऊस, ओढ्याला पाणी, पाटणला न्यायची सोय नाही. आजीनं रात्रभर खटपट करून बाई आणि मूल दोन्ही वाचवलं. बारशाच्या दिवशी त्या घरची म्हातारी स्वतः आजीच्या खोलीवर आली, हाताला धरून घेऊन गेली आणि सगळ्या सवाष्णींच्या आधी आजीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. कुणीतरी कुजबुजलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, "हिच्याबिगार पाळण्यात काय ठिवलं असतंसा?"

तो खण आजीनं कधी शिवला नाही. ट्रंकेत होता. हिरवा आहे, घडीवर विरलाय.

जुना पाटणकर

मी ७३ वर्षांचा. जन्म पाटण तालुक्यातलाच, नोकरी मुंबईत गोदीत. मराठी टायपिंग नातीकडून करून घेतोय.

त्या वेळच्या नर्सबाया काय चालायच्या ते मी पाहिलंय. वस्तीची एसटी एकच, ती पण पावसाळ्यात बंद. डोक्यावर इरलं, एका हातात कंदील, काखेत पेटी. आम्ही पोरं "नर्सबाई आली, सुई आली" म्हणून उसात दडायचो. तवा काचेची सिरिंज असायची. सुई एकच, उकळून उकळून बोथट झालेली, ती दगडावर घासून धार लावायच्या. आताच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

देवीच्या रोगाच्या वेळी तर घरोघर. दंडाला सुईनं पंधरा टोचे मारायच्या. हातात कार्ड असायचं, त्यावर देवी आलेल्या पोराचा फोटो. "असं पोर कुठं बघितलं का?" म्हणून बाजारात, शाळेत, तमाशाच्या फडात दाखवायच्या. रोगी दाखवील त्याला बक्षीस होतं, शेवटी शेवटी हजार रुपयांपर्यंत गेलं होतं. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाला असं जाहीर झालं. माझ्या दंडावर तो व्रण अजून आहे, नात आत्ता बोट लावून बघतेय.

भूकंपाच्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो. कोयनानगर सगळं जमीनदोस्त झालं. जवळजवळ १८० माणसं गेली. आमच्या घराची एकच भिंत उभी राहिली, तिच्यावर कॅलेंडर होतं. तुमच्या आजींनी त्या सकाळी बाळंतपण केलं हे वाचून मी उठून उभा राहिलो.

ईशान

काका, तुमचा प्रतिसाद वाचून आम्हीही.

दूरदेशी

मी लेस्टरला राहते. इथे माझ्या बाळंतपणानंतर मिडवाइफ दहा दिवस घरी येत होती, सायकलवर. मला फार अप्रूप वाटलं, आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "यात काय? आपल्या नर्सबाई डोंगर चढून यायच्या."

सुगरण

जरा हलकं घेऊ. नर्सच्या नातवंडांनी हात वर करा! आमच्या शेजारच्या नर्सकाकूंच्या घरी कुणाला बाहेरून आल्यावर हात दाखवल्याशिवाय पोळी मिळत नसे. नखं आधी, मग जेवण. आणि जुलाब झाले की पाठ असलेला श्लोक: "एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट बरं का, शीग लावून नाही!"

रानजाई

हात वर 🙋 आमच्याकडेही तोच श्लोक. शिवाय थर्मामीटर झटकायचं काम माझं होतं. पारा खाली गेलाय का ते खिडकीशी जाऊन बघायचं. एकदा पलंगाच्या दांडीवर आपटून फुटलं, तर मला ओरडण्याआधी तिनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि पाऱ्याचा थेंब न थेंब पोस्टकार्डानं गोळा केला. नंतर ओरडली. भरपूर ओरडली.

रिटायर झाल्यावर घरी बसली नाही. डिसेंबर ९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हापासून दर पोलिओ रविवारी बूथवर. लशीचा डबा उघडला की किती वेळ झाला ते घड्याळात बघायची आणि बाहेरच्या पोरींना दम भरायची, "झाकण लावा गं, ती लस आहे, लोणचं नाही." २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरल्याची बातमी टीव्हीवर लागली. आजी उठली, देवापुढे साखर ठेवली आणि परत येऊन बसली. काही बोलली नाही.

वकीलमामा

मूळ प्रश्नाकडे वळतो. कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या आधीच्या आणि त्यानंतरच्याही कितीतरी वर्षांच्या खेड्यातल्या जन्मांची नोंद धड झालेली नाही. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहून टाकली, आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. जन्माची नोंद वर्षापेक्षा जास्त उशिरा करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तिथे पुरावा मागतात. पेन्शन, वारसा, पासपोर्ट, सगळीकडे अडतं. मी अशा केसेस केल्या आहेत. प्रत्यक्ष बाळंतपण केलेल्या नर्सनं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं केलेली नोंद पुराव्याला निश्चित धरून देता येते. किती वजन द्यायचं ते समोरचा अधिकारी ठरवील.

म्हणजे नदीत सोडणं हा त्या १,९४२ माणसांवर अन्याय होईल. आणि छापून वाटणं हा त्यांच्या आयांवर. ज्याचा जन्म, त्याला त्याची ओळ मागता यावी, बाकीच्यांना नाही, असं काही करता आलं तर बघा.

इतिहासवेडा

वकीलमामा, पटलं. फक्त एक पुस्ती. कागद टिकवायचे असतील तर लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको. कोरड्या जागी, सुती कापडात, आडव्या ठेवा. पुढेमागे एखाद्या संस्थेला द्यायच्या झाल्या तर "अमुक वर्षं उघडू नये" अशी अट घालून देता येतात. खेड्यातल्या नर्सनं स्वतःसाठी लिहिलेलं आपल्याकडे फारच कमी राहिलं आहे.

केदार सातारकर

सुनीताताई आणि वकीलमामा, मी वर घाईनं लिहिलं. रात्री आईशी बोललो. ती म्हणाली, "आमच्या वेळच्या नर्सबाईंच्या वहीतली माझी एक गोष्ट तू छापलेली मला चालली नसती." कोणती गोष्ट ते मी विचारलं नाही. वाफेची सूचना मागे घेतो.

पहाटवारा

रानजाई, आईंशी बोलणं झालं का?

रानजाई

झालं. कालच.

मी विचारलं, नदीत का? आई बराच वेळ गवारीच्या शेंगा मोडत बसली. मग म्हणाली, "त्या वह्या रात्री लिहायची ती. बाळंतपणावरून आली की आधी हात धुवायची, मग मला पांघरूण घालायची, मग कंदील मोठा करून लिहायला बसायची. मी जागी असायची, पण झोपेचं सोंग घ्यायची. वाटायचं, लिहून झालं की माझ्याजवळ येईल. कधी यायची, कधी तिथेच डोकं टेकून झोपायची. मला त्या वह्यांचा राग होता."

ती तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. आज सत्तर ओलांडलेली आहे.

पहाटवारा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी हे विचारलंच नसतं. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. म्हणाली, त्याला सांग, माझ्याही शेजारी एक काकू होत्या, त्यांच्या हातची भाकरी आईपेक्षा चांगली व्हायची, हे मी आईला कधी सांगितलं नाही.

पहाटवारा

त्यांना माझा नमस्कार सांगा. आज संध्याकाळी आईला फोन करतो.

स्टाफनर्स सुनीता

रानजाई, वर्षश्राद्ध झालं की नक्की लिहा इथे. आमची अख्खी ड्यूटी रूम वाट बघते आहे.

रानजाई

(महिन्याभरानं लिहिते आहे, उशीर झाला.)

वर्षश्राद्ध आम्ही गावातच केलं, आजी पहिल्यांदा राहिली त्या गावात. खोली आता नाही, तिथं ग्रामपंचायतीचं गोडाऊन आहे. देवळात बसलो. भावानं पुस्तक काढलं नाही, फक्त आजीचा एक फोटो मोठा करून आणला, पांढऱ्या साडीतला.

दुपारी बायका यायला लागल्या. कुणी तांदूळ आणले, कुणी नाचणीचं पीठ, एकीनं कोंबडी आणली, ती आजीला आवडायची म्हणून. (श्राद्धाला कोंबडी! भटजींनी बघून न बघितल्यासारखं केलं.) वह्या मी पिशवीत ठेवल्या होत्या, कुणाला सांगितलं नव्हतं. पण आईनंच सांगितलं. म्हणाली, "ज्याला आपली वेळ हवी त्यानं एकेकट्यानं यावं, माझी मुलगी वाचून दाखवील."

गाभाऱ्यामागच्या ओवरीत बसून मी एकेकाची ओळ वाचली. तेवीस जण आले. एक गृहस्थ फौजेतून रिटायर झालेले, त्यांची जन्मतारीख कागदावर १ जून होती, वहीत ९ ऑक्टोबर निघाली. वकीलमामा, त्यांना तुम्ही सांगितलेलं सगळं लिहून दिलं आहे.

आणि खळ्यातली ती मुलगी आली. सत्तावन्न वर्षांची. आता आजी आहे ती स्वतः. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिची नोंद वाचली. तिनं परत वाचायला लावली. "दोघी बऱ्या" यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यो शब्द कंचा? दोघी?" मी हो म्हटलं. ते बोट तिनं बराच वेळ तिथून उचललं नाही.

चिकटलेल्या पानांबद्दल कुणी विचारलं नाही. कुणी विचारणार नव्हतंच.

पण घरी आल्यावर पाहिलं, तर प्रवासात, दमट हवेत, आणखी दोन पानं सुटायला आली होती. एकीची कड तर अर्धी उघडली होती, आत निळी शाई दिसत होती. मी आईला हाक मारली. आईनं चष्मा लावला, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि वही मांडीवर घेतली. पानाच्या तिन्ही कडांनी टाके घालत गेली. सुटे सुटे टाके, प्रत्येकाला वेगळी गाठ. मी म्हटलं, हे कुठलं शिवण? म्हणाली, "आई जखमेला असे घालायची. एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात."

सतराही जागा शिवून झाल्या तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. वह्या आता आईच्या कपाटात आहेत, आजीच्या एका जुन्या सुती साडीत गुंडाळून. मोरणा खोऱ्यात १९६० ते ९४ मध्ये जन्म झालेल्या कुणाला आपली वेळ हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फक्त स्वतःची मिळेल.

स्टाफनर्स सुनीता

वाचून दाखवलं सगळ्यांना. आमच्या मेट्रन येत्या रविवारी तुमच्या आईंना भेटायला यायचं म्हणतात. चालेल का, विचारून सांगा.

रानजाई

आई म्हणते, या. जेवायलाच या. नखं कापून या म्हणाली.